जर्सीवरचं नाव

रविवार, संध्याकाळ. पानशेत.

डोकं अजून तापलेलंच आहे. गिऱ्हाइकांशी हसून बोलवत नाही, म्हणून हॉटेल पोरांवर सोडून मागं येऊन बसलोय.

आज भोरला माझ्या लेकीचा, सायलीचा कबड्डीचा सामना होता. आमच्या गावचा मुलींचा संघ, प्रत्येकीच्या पाठीवर माझ्या हॉटेलचं नाव. जर्सी मीच दिल्यात. सायली मात्र बाहेर बसलेली. सामना हातचा गेल्यावर तिला आत घेतलं, तरी पोरीनं दोन चढायांत दोघींना बाद केलं. मी खुशीत चहा सांगायला निघालो, तर मंडपामागून आमच्या संघाला शिकवणाऱ्या मास्तरांचा आवाज, "शेटच्या पोरीला शेवटी दोन चढाया द्यायच्या. जर्सी दिल्यात त्यांनी, मन राखाय लागतं."

माझं मन? माझी पोर म्हणजे काय बिलाबरोबर द्यायची बडीशेप आहे?

भोरच्या संघाचे सर दोनदा म्हणाले होते, पोरगी आमच्याकडं द्या. मीच नको म्हणालो. गाव काय म्हणेल! आता म्हणू दे काय म्हणायचं ते.

गाडीत सायलीला सगळं सांगितलं. म्हटलं, उद्यापासून भोरच्या संघात जायचं.

"मला कवाच म्हायतीये, पप्पा. पोरी मला जाहिरात म्हणून हाक मारत्यात."

"मग बोलली का न्हाईस?"

"जर्सी बघून तुमी लई खूश असायचा."

मास्तरांना द्यायच्या शिव्या तोंडातच राहिल्या. वेल्हे मागं पडल्यावर तीच म्हणाली, "जाते मी भोरला. पण तिथं जर्सी देऊ नका."