एक समतोल पत्र

१० मे २०२०, रविवार. संध्याकाळी ७.३०

इथले, ब्रिटनचे पंतप्रधान टीव्हीवर बोलले. एक जूनपासून शाळा उघडायचा विचार आहे. आधी रिसेप्शन म्हणजे बालवर्ग, इयर वन म्हणजे पहिली आणि इयर सिक्स. मी सोफ्यावर बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या. बायकोने, सुनेत्राने वाजवल्या नाहीत. ती स्वतः इयर वनला शिकवते, तेव्हा माझ्यापेक्षा तिला जास्त आनंद व्हायला हवा होता.

रोजनिशी आजपासून सुरू. कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरं तेच लिहायचं. संकल्प: रोज पाच किलोमीटर चालणे, बारा सूर्यनमस्कार, घरात वाद नाही.

११ मे, सोमवार

चाललो नाही. ब्रॅकनेलमध्ये सगळेच चालायला निघालेत. फूटपाथवर समोरून माणूस आला की मला रस्ता ओलांडावा लागतो, आणि त्या बाजूनेही माणूस येतोच. सूर्यनमस्कार: तीन. उरलेले उद्या.

१४ मे, गुरुवार

पेपरात, टीव्हीवर, आमच्या टाउनच्या फेसबुक ग्रुपवर एकच विषय. शिक्षक कामावर जायला तयार आहेत की नाहीत? युनियन म्हणते, आधी सुरक्षिततेचं बघा. लोक म्हणतात, नर्सेस जातात, बस ड्रायव्हर जातात, यांनाच काय धाड भरली आहे? मी दोन्ही बाजू समजू शकतो. मॅनेजरला समजाव्याच लागतात.

एक गोष्ट मात्र खरी. सुनेत्रा मार्चपासून घरीच आहे. मंगळवार-शुक्रवार की-वर्कर्सच्या, म्हणजे नर्स, ड्रायव्हर वगैरेंच्या मुलांसाठी शाळेत जाते, तेवढं सोडून. ईस्टरच्या सुट्टीत गेली होती, ते सोडून. आणि बाकी दिवस सकाळी आठपासून लॅपटॉपवर असते, ते सोडून.

रात्रीच्या जेवणाला तिने एक काम सांगितलं. लोकल पेपरात शिक्षकांना शिव्या देणारी पत्रं येताहेत. ती स्टाफमध्ये असल्यामुळे तिला लिहिता येत नाही. तुझं इंग्रजी चांगलं आहे, एक पत्र आमच्या बाजूने लिही, म्हणाली. पाच-सहा वर्षांच्या पंधरा मुलांना दोन मीटरवर कसं ठेवायचं, ते या लोकांनी एकदा येऊन दाखवावं. आणि तिचा दम्याचा पंप आहेच. अठरा वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी मागतेय, असंही म्हणाली. (हे खरं नाही. २०११ मध्ये डिशवॉशर मागितला होता.)

शब्द दिला. उद्याच लिहितो.

१७ मे, रविवार

पत्र सुरू केलं आहे. पहिलं वाक्य उत्तम झालंय. पण एक अडचण लक्षात आली. मी शिक्षिकेचा नवरा. मी शिक्षकांची बाजू घेतली तर लोक म्हणणार, घेणारच. पत्राला वजन राहणार नाही. पत्र समतोल हवं. आधी विरुद्ध बाजूचं मान्य करायचं आणि मग हळूच आपलं म्हणणं. सुनेत्राला हे सांगितलं नाही. तिला लिखाणातलं तंत्र कळत नाही.

२८ मे, गुरुवार. रात्री ८.१५

दारात उभं राहून एनएचएसच्या डॉक्टर-नर्सेससाठी टाळ्या. मी कढई आणि झारा घेतो, आवाज खणखणीत येतो. शेजारचा कीथ कुंपणापलीकडून सुनेत्राला म्हणाला, काय, मोठ्ठी सुट्टी संपली ना आता? मी हसलो. शेजारधर्म असतो. सुनेत्रा आत निघून गेली. कढईला पोचा आलाय, हे तिला अजून दिसलेलं नाही.

३१ मे, रविवार

उद्यापासून तिची शाळा पूर्णवेळ. जोडीची टीचर शील्डिंगमध्ये आहे (आजारपणामुळे तिला घरातच राहायला सांगितलंय), म्हणून हिने दम्याचं कारण दिलंच नाही. मी घरासाठी प्रोटोकॉल तयार केला. लॅमिनेटही केला.

सुनेत्राने बाजूच्या फाटकाने यायचं. कपडे गॅरेजमध्ये बदलायचे. थेट आंघोळ. मग बॉक्सरूम, म्हणजे वरची चिमुकली खोली. तिची थाळी, पेला, चमचा वेगळे, त्यांवर लाल टेप. फ्रिजला हात लावायचा नाही, काय हवं ते मागायचं. पुण्याला आमची आत्या सोवळ्यात स्वयंपाक करायची तेव्हा मी तिची टर उडवायचो. आत्याला कारण सांगता यायचं नाही. माझ्याकडे पाच पानी कारण आहे.

आमची अन्वी (इयर टेन, वय पंधरा, जन्म इथलाच) म्हणाली, बाबा, धिस इज मेंटल, तू आईला हॅमस्टरसारखा ठेवलाय. ठेवलंयस, असं मी दुरुस्त केलं. मराठीकडे दुर्लक्ष होतंय.

सुनेत्राने प्रोटोकॉल वाचला आणि काही बोलली नाही. संमती गृहीत धरली.

३ जून, बुधवार

प्रोटोकॉल छान चालला आहे. स्वयंपाक आता माझ्याकडे. सोमवारी खिचडी, काल खिचडी, आज मुगाच्या डाळीची खिचडी. सुनेत्राची थाळी बॉक्सरूमबाहेर ठेवून मी दार वाजवतो आणि जिन्यावरून खाली येतो. ती शाळेबद्दल काही सांगत नाही, म्हणजे सगळं ठीक असणार.

पत्र पाठवलं. सहाशे दहा शब्द. सुनेत्राने विचारलं, काय लिहिलंस, दाखव. छापून आल्यावर दाखवतो म्हटलं. सरप्राइज.

१७ जून, बुधवार

आमच्या कंपनीची ईमेल. जुलैपासून आठवड्यातून एक दिवस ऑफिसला यायला कोण तयार आहे? ऐच्छिक आहे म्हणे. मी लगेच उत्तर लिहायला बसलो. लिफ्टमध्ये हवा खेळती नाही. किचनमध्ये एकच केटल. मीटिंग रूमच्या खिडक्या उघडत नाहीत. कर्मचाऱ्यांच्या जिवाची जबाबदारी कोण घेणार? शेवटी हेही लिहिलं की माझी पत्नी रोज पंधरा लहान मुलांच्या सहवासात असते, त्यामुळे मी स्वतः हाय रिस्क आहे. चार पानं झाली. एका बैठकीत. लेखणी तापली होती.

१९ जून, शुक्रवार

पत्र छापून आलं! नाव पूर्ण. रघुवीर चिपळकट्टी, ब्रॅकनेल. एकही स्पेलिंग चुकलेलं नाही, हा या देशातला विक्रम असावा.

आता मजकुराबद्दल. संपादकाने थोडी काटछाट केली आहे. सहाशे दहाचे एकशे तीस शब्द उरलेत. विरुद्ध बाजू मान्य करण्याचा भाग तेवढा ठेवला आणि माझं खरं म्हणणं जिथे सुरू होतं तिथे कात्री लावली. मथळा त्यांनीच दिला: शिक्षकांनो, आता कामाला लागा. आत लिहिलंय की, मार्चपासून घरी असलेली एक शिक्षिका मी अगदी जवळून पाहतो आहे. शाळा सुरक्षित आहेत. आम्हा खासगी क्षेत्रातल्या लोकांना भीती बाळगण्याची चैन परवडत नाही.

वाक्य माझंच आहे. तालात बसलंय. पण माझ्या मूळ पत्रात त्याच्यापुढे ‘तथापि’ होतं.

पेपर रिसायकलिंगच्या निळ्या डब्यात, पिझ्झाच्या खोक्याखाली. सुनेत्राने विचारलं तर सांगायचं, अजून आलं नाही. खोटंही नाही. मी लिहिलेलं पत्र अजून आलेलं नाहीच.

२० जून, शनिवार

चूक झाली असं म्हणता येणार नाही, पण इथल्या मराठी मंडळाच्या कमिटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कात्रणाचा फोटो टाकला. लांबून काढलेला, फक्त नाव वाचता येईल इतपत. एवढं नाव छापून आलंय ते कोणालाच कळू नये, हेही बरं दिसत नाही. सुनेत्रा त्या ग्रुपवर नाही.

आमच्या मंडळात एक चांगली रीत आहे. कोणाचंही नाव इंग्रजी पेपरात आलं की अभिनंदन करायचं. मजकूर कोणी वाचत नाही. गेल्या वर्षी एका सभासदाला स्पीडिंगचा दंड झाला, त्याची बातमी आली, तेव्हाही आधी अकरा जणांनी हार पाठवले होते. मला संध्याकाळपर्यंत सत्तेचाळीस टाळ्या, नऊ पुष्पगुच्छ. एकाने लिहिलं, टेम्सकाठी मराठी झेंडा!

२१ जून, रविवार

मंडळाचे अध्यक्ष जयंतराव यांचा फोन. रेडिंगच्या हॉस्पिटलातून रिटायर झालेले डॉक्टर, वय ७८. म्हणाले, रघुवीर, पाच जुलैला गुरुपौर्णिमा आहे. यंदा झूमवर आपल्या भागातल्या पाच मराठी शिक्षिकांचा सत्कार करतोय. सुनेत्राताई आहेतच. पण तुमचाही करणार. अहो, बायकोसाठी, शिक्षकांसाठी लेखणी उचलणारा नवरा! मी तुमचं पत्र स्वतः वाचून दाखवणार.

मी म्हणणार होतो की पत्र जरा वेगळं आहे. पण वडीलधाऱ्या माणसाला मध्येच तोडणं आपल्यात बसत नाही. तुम्ही कशाला त्रास घेता, मी मूळ प्रत पाठवतो, एवढं म्हटलं. ते म्हणाले, छे छे, छापलेलंच वाचायचं, त्याला महत्त्व. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कोव्हिडमुळे पुढे गेलंय, त्यामुळे नात त्यांना पेपरच्या वेबसाइटवरून मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून देणार आहे. आयत्या वेळी वाचेन, म्हणाले, सराव लागत नाही.

दोन आठवडे आहेत. काहीतरी होईल. बऱ्याचदा त्यांचं वाय-फाय जातं.

२९ जून, सोमवार

मंडळाकडून कुरियरने दोन शाली आणि दोन नारळ आले. नारळ डेटॉलने धुतले. गॅरेजमध्ये ७२ तासांसाठी वेगळे ठेवले. शेंडीचं काय करायचं, याबद्दल सरकारी गाइडलाइन नाही.

सुनेत्राने दाराआडून विचारलं, दुसरी शाल कुणाची? माझी, असं म्हटलं. तुझी का? पत्राबद्दल, असं म्हटलं. मग म्हणाली, म्हणजे छापून आलं? रघू, मला वाटलं तू लिहिलंच नाहीस. थँक यू. आवाज जरा वेगळा होता तिचा. रडते की काय असं वाटलं.

हीच वेळ होती सांगायची. पण दाराआडून अशा गोष्टी नीट सांगता येत नाहीत.

४ जुलै, शनिवार

जयंतरावांना फोन केला. म्हटलं, माझ्या सत्काराची गरज नाही, शिक्षिकांचाच करा. ते म्हणाले, बघा, किती विनय आहे! आता तर करणारच. हेही निवेदनात घालतो.

त्यांचं वाय-फाय कसं आहे, तेही विचारलं. नातीने नवीन राउटर बसवलाय.

५ जुलै, रविवार. गुरुपौर्णिमा

सुनेत्रा वर बॉक्सरूममधून, मी खाली लाउंजमधून. एकाच घरात दोन चौकोन. तिने शाल घेतली होती, कुंकू लावलं होतं. बऱ्याच दिवसांनी तिला एवढा वेळ सलग पाहिलं. बारीक झाली आहे.

एकसष्ट जण. शिक्षिकांचे सत्कार झाले. मग जयंतरावांनी माझी ओळख करून दिली, विनयासकट. आणि कागद डोळ्यांशी धरला.

मथळा वाचला तेव्हा आवाज किंचित अडखळला. वाटलं, थांबतील. पण जयंतराव एकदा इंग्रजी वाचायला लागले की थांबत नाहीत. अक्षरं मोठी असल्याने तीन पानं झाली होती. एकेक पान बाजूला ठेवत गेले. घरी असलेली एक शिक्षिका. शाळा सुरक्षित. भीती बाळगण्याची चैन. तो शब्द त्यांनी नीट, ठासून उच्चारला. शेवटी माझं पूर्ण नाव.

सवयीने दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग त्या दोघांनीही म्यूट केलं. माझ्या अंगावर शाल होती, ती काढावी की ठेवावी ते कळेना. मी ‘तथापि’ म्हणायला तोंड उघडलं, पण मी स्वतःच म्यूटवर होतो.

जयंतराव घाबरून म्हणाले, सुनेत्राताई, आपण दोन शब्द बोलाल का? तिने अनम्यूट केलं. म्हणाली, हे पत्र मीच त्याला लिहायला सांगितलं होतं.

एवढंच. मग तिचा चौकोन गेला.

अन्वी खाली आली, स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बाबा, म्हणाली, आई इन्हेलर घेऊन रोज जाते. यू नो दॅट, राइट? मराठी दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

६ जुलै, सोमवार. रात्री ९

संपादकाला कडक ईमेल लिहायला घेतली होती. पुसून टाकली. सगळे शब्द माझेच आहेत. कात्री त्यांची, पण कापड मीच विणलं होतं.

प्रोटोकॉल भिंतीवरून काढला. लाल टेप सोलली. थालीपीठं लावली, दोन करपली. सुनेत्रा आली तेव्हा पुढचं दार उघडून उभा राहिलो आणि म्हटलं, आज टेबलावर, माझ्यासमोर बस. बसली. सॉरी म्हणालो. तिने मान हलवली, हो असं नाही आणि नाही असंही नाही. मग मी विचारलं, शाळेत कसं चाललंय? विचारताना लक्षात आलं, पाच आठवड्यांत हा प्रश्न पहिल्यांदा विचारतो आहे.

आधी थोडं, मग बरंच बोलली. वर्गात एक मुलगी आहे, सहा वर्षांची. तिचे आजोबा एप्रिलमध्ये कोव्हिडने गेले. तिला कोणी नीट सांगितलेलं नाही. आज चित्र काढता काढता ती उठली, सरळ आली आणि सुनेत्राच्या कमरेला मिठी मारून रडायला लागली. नियम दोन मीटरचा. बाकीची चौदा मुलं बघत होती. सुनेत्रा म्हणाली, काय करणार रे, मी खाली बसले आणि तिला जवळ घेतलं. बराच वेळ. माझा खांदा ओला झाला. सकाळपासून तिला खोकलाही होता जरा.

मी खुर्ची मागे घेतली.

ठरवून नाही. हातभरच. तिचं वाक्यही अजून संपलं नव्हतं. पण तिने पाहिलं. माझ्याकडे नाही, खुर्चीच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, असू दे रघू. थालीपीठ चांगलं झालंय. आणि ताट उचलून वर गेली.

ही माझी कामाची खुर्ची आहे. खाली चाकं आहेत, लाकडी फ्लोअर गुळगुळीत आहे, ती आपोआप जाते.

आताच तिच्यावर बसून पाहिलं. आपोआप जात नाही. पायाने रेटावी लागते.