गोलचं जाळं

कोलशेत, मार्च १९९२

मालनताई,

हे पत्र तुला देणार नाही, हे ठाऊक असूनच लिहितोय. तोंडाने सांगायची माझी हिंमत नाही.

कंपनीने फुटबॉल टीमच्या पगारांना मर्यादा घातलीय. सगळ्या खेळाडूंचे पगार मिळून ठरलेल्या आकड्याच्या वर गेले, तर टीमच बंद. कुणाला काढायचं ते मॅनेजर म्हणून मी ठरवायचं. सगळं करून बघितलं गं. दोघांना कमी पगारावर राजी केलं, माझा भत्ता सोडला, तरी आकडा बसत नाही. मोरूला काढलं तरच बसतो.

तुझा मुलगा कुठे कमी पडला म्हणून नाही. त्याच्यासारखा गोलकीपर अख्ख्या ठाण्यात नाही. पण गेल्या वर्षी साहेबांच्या मागे लागून मीच त्याचा पगार वाढवून घेतला. तू आळीभर पेढे वाटलेस. तो पगार वाढला नसता तर आज तो राहिला असता. त्याच्या जागी येणारा निम्म्यात खेळायला तयार आहे.

मोरूला अजून काही माहीत नाही. आज सकाळी तो गोलचं जाळं घेऊन आला. फाटलेलं ते तू खाडीतल्या जाळ्यासारखं घट्ट विणून दिलंयस. म्हणाला, "मामा, आई बोलली, आता बारीक जवळा पण सुटणार नाही."

मी शिडी धरून उभा होतो. त्याने स्वतःच्या हाताने ते बांधलं, एकेक गाठ ओढून बघितली आणि म्हणाला, "आता पाच वर्षं बघायला नको."

तुझ्या दारात यायची लाज वाटणारा,
महिपत