बंद घरांचा वाटा

प्रिय राफिलाताई,

हे काही बरोबर नाही. इतकी वर्षं आपण दर रविवारी फोनवर भांडतोय. मी म्हणतो इकडे स्पेनला ये, तू म्हणतेस मेले तरी येणार नाही. आणि परवा तू एका दमात म्हणालीस, "तुझंच खरं होतं, तोआदेर. पावल गावाहून माणसं घेऊन तिकडे निघेल तेव्हा त्याच्या गाडीत माझी जागा ठेव." असं भांडण मधेच टाकून देतात का? मी इतका गडबडलो की "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. मग आठवलं की हॉटेलातल्या चादरी धुण्याचं ते काम, ज्याच्यासाठी मी तुझ्या मागे लागलो होतो, ते खरंच अजून रिकामं आहे. म्हणजे तू खरंच येशील.

फोनवर तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. नोकरीच्या त्या ट्रेनिंगपासून तू समोरच्याला बोलू देतेस, बोलू देतेस, आणि शेवटी तुझ्या मनातलं त्याच्याच तोंडून वदवून घेतेस. म्हणून लिहितोय. लिहिताना तुला मधे बोलता येत नाही. माझं अक्षर तुला माहीत आहे, हसू नकोस.

ही नोकरी लागली तेव्हा मी तुझी किती चेष्टा केली. तू तेव्हा दुकानात खिळे तोलायचीस. आसपासच्या गावांनी मिळून संस्था काढली, पैसा युरोपातून येणार, पण तो कशावर घालायचा ते गावकऱ्यांनीच बसून ठरवायचं, आणि त्यांना बसवून ठरवायला लावायचं काम तुझं. मी म्हणालो, आपल्या प्रुनेत गावात माणसांना बोलतं करायला पगार? गप्प करायला द्या म्हणावं, त्याची जास्त गरज आहे. तू हसली नाहीस. क्लुझ शहरात शिकायला गेलीस. तिथं पोर्तुगालची मेंढ्या पाळणारी बाई, एस्टोनियाचा मासेमार, आयर्लंडचा बस चालवणारा, सगळे आपापल्या मुलखात हेच काम करणारे, आणि त्यांना शिकवणाऱ्या ओतिलियाबाई. तू सांगायचीस की आयर्लंडवाल्याच्या गावातही लोक सभेत गप्प बसतात आणि दाराबाहेर आल्यावर बोलतात. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, म्हणजे आपण एकटेच असे नाही.

आणि ती तुझी पहिली सभा. अजून आठवलं की मी इथं शेतात ढोबळ्या मिरच्या तोडता तोडता एकटाच हसतो, आणि शेजारचे विचारतात, काय झालं याला. तुला शिकवल्याप्रमाणे तू खुर्च्या गोल मांडल्यास, मधे टेबल, टेबलावर पांढरं कापड आणि फुलं. नास्तासियामावशी दारात आली, टेबल पाहिलं, डोक्यावरचा रुमाल सारखा केला, छातीवर क्रूसाची खूण केली आणि हळूच म्हणाली, "कोण गेलं गं?" तिच्या मागून आलेले पुरुष टोप्या काढून बसले. आपल्याकडे असं मधे टेबल मांडून गोल बसतात ते फक्त मयताभोवती, हे तुला लहानपणापासून ठाऊक, आणि नेमकी तूच विसरलीस. तू विचारलंस, गावाला काय हवंय, तर म्हातारा गाव्रिला म्हणाला, "देव त्याला शांती देवो," आणि सगळ्यांनी माना खाली घालून आमेन म्हटलं. त्या दिवशी तू फोनवर हसत होतीस की रडत होतीस, मला कळलं नाही.

ओतिलियाबाई रागावल्या नाहीत, हे मला फार आवडलं. मला शाळेत चुकलं की मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून बसवायचे, मला वाटायचं शिकवणं म्हणजे तेच. त्यांनी तुला एवढंच विचारलं, तुमची माणसं बोलतात कुठं?

मुरंब्याच्या कढईपाशी, आणखी कुठं. अंगणात तांब्याची कढई, साखरेचा कण न घालता आलुबुखार सकाळपासून रटरटतोय, हात थांबला की तळाला लागणार, म्हणून आळीपाळीने ढवळायचं. आणि ज्याच्या हातात दांडा त्याला मधे तोडायचं नाही, कारण तो चिडला तर हात थांबेल आणि साऱ्या शेजाराचा मुरंबा करपेल. आईला बाबांना जे काही सुनवायचं असायचं ते ती वर्षभर साठवून दांडा हातात आल्यावर सुनवायची. बाबा मुकाट लाकडं सारत बसायचे.

तू सभाच तिथं नेलीस. नास्तासियामावशीनं ढवळता ढवळता सांगून टाकलं, शहरातले दुकानदार आपला मुरंबा घेत नाहीत, म्हणतात अंगणात शिजवलाय, शिक्का कुठाय. शाळा तर पोरांअभावी बंदच आहे, तिथं नळ आहे, खिडक्या आहेत, तिथंच मांडा की कढया. आणि गाव्रिलाला मधे बोलता येईना, तो बिचारा नुसता जागेवर वळवळतोय, "दे गं आता तो दांडा, पोटात दुखायला लागलं माझ्या." गावानं तेच ठरवलं, आणि हे तू मला सांगितलंस तेव्हा मी पहिल्यांदा तुझी चेष्टा केली नाही.

आता जे तुला कधी नीट सांगितलं नाही ते सांगतो. गावात कुणी सराव करू देत नव्हतं म्हणून तू रविवारी माझ्यावर सराव करायचीस. तुमच्यात सगळ्यात कमी कोण बोलतं? भांडण कशावरून होतं? खरंच त्याच्यावरूनच होतं का? मी वैतागायचो, म्हणायचो, ताई, मी दिवसभर प्लास्टिकच्या छपराखाली भाजून आलोय, मला विचारू नकोस. पण प्रश्न डोक्यात राहायचे. आमच्या खोल्यांवर आम्ही रुमानियाचे आणि मोरोक्कोचे एकत्र, शेगडी एकच, आणि तिच्यावरून रोज कडाक्याचं भांडण. गेल्या वर्षी एकदा सुरी निघाली. तुला म्हटलं होतं की बोट टोमॅटो कापताना कापलं. ते टोमॅटोमुळे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शेतातून टाकाऊ मिरच्यांच्या दोन पेट्या आणल्या, अंगणात चूल पेटवली आणि सगळ्यांना भाजलेल्या मिरच्या सोलायला बसवलं. म्हटलं, आमच्याकडे हिवाळ्यासाठी अशा शिजवून ठेवतात, खायचं असेल तर हात लावा. ढवळायचा दांडा मी इद्रिसच्या हातात दिला. हा इद्रिस मोरोक्कोचा, कधी तोंड न उघडणारा, आणि सुरी त्याचीच. मी सगळ्यांना सांगून ठेवलं, दांडा असेपर्यंत त्याला तोडायचं नाही. त्यानं तळापासून दोनदा ढवळलं. मग मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाला, मी कामावरून सगळ्यांच्या शेवटी सुटतो, मी येतो तेव्हा टाकीत पाणी नसतं, मी घामानं चिकट अंगानं झोपतो, आणि तुम्ही मला विचारता, शेगडी का अडवतोस?  ताई, भांडण शेगडीचं नव्हतंच, पाण्याचं होतं. आम्ही सगळे मिळून मालकाकडे गेलो. मालक म्हणाला, एकटादुकटा आला असता तर हाकलला असता. दुसरी टाकी बसली. आता इद्रिस मला फोरमन म्हणून चिडवतो. त्यानं विचारलं, कुठं शिकलास हे? मी म्हटलं, शिकते माझी बहीण, मी नुसता फोन कानाला लावतो.

तेव्हा तू मला विचारत राहिलीस, त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले होते. मी जाड कातडीचा आहे, तोंडानं जमलं नसतं. खोलीतली माणसं आता एकमेकांना नावानं हाक मारतात. मला रात्री झोप लागते. हे तुझं देणं आहे, आणि तुला वाटतंय की तुझ्या हातून काही झालं नाही.

तू म्हणालीस, गावाचा स्वतःचा वाटा भरल्याशिवाय युरोपचा पैसा सुटत नाही, ऑक्टोबरअखेर सुमेद्रूच्या सणापर्यंत मुदत आहे, पाच हजार लेय कमी पडतायत, गाव्रिलानं आपलं डुक्करसुद्धा विकलं, आता मागायचं कुणाकडे, अर्धं गाव तर घरांना कुलूप लावून परदेशी गेलंय. मुदत टळली की कढया नाहीत, आणि तू त्यांना तोंड दाखवू शकणार नाहीस, म्हणून इकडे येतेस. बरोबर ना? मग आता दांडा माझ्या हातात आहे, ऐकून घे. तू प्रत्येक दारावर गेलीस, पण ज्या दारांना कुलूप आहे तिथं थांबलीच नाहीस. आम्हाला कुणी विचारलंच नाही. आमच्याकडे मुरंब्याला घरटी एक माणूस लागतो, आणि ज्याला जमत नाही तो निदान लाकडं पाठवतो, हा रिवाज कुणी मोडला? आम्ही मिरच्या तोडायला आलोय, मेलेलो नाही. नास्तासियामावशीला सांग, गोल खुर्च्या मांडण्याइतकं काही झालेलं नाही.

गावचे आम्ही सातजण इथं आसपास आहोत. या रविवारी त्यांनाही मिरच्या सोलायला बोलावलंय. ते काय देतील ते त्यांचं, पण विचारणार आहे. माझ्यापुरतं मी ठरवून टाकलंय. पावलच्या गाडीतली तुझी जागा रद्द केली. तुझ्या खोलीसाठी भरलेली अनामतही मालकिणीकडून परत आणली. ती बडबडली, मी ऐकून घेतलं. तू येऊ नकोस. तुझ्याशी भांडायला दर रविवारी गावात कुणीतरी असायला हवं. आणि ज्या वर्गात माझे गुडघे सोलले तिथं मुरंबा शिजताना मला एकदा ढवळायला यायचंय, माझंही बरंच साठलंय. तुझ्या येण्यासाठी बाजूला ठेवलेले सगळे पैसे या पत्रासोबत पावलकडे दिलेत. आपल्या घराचा वाटा म्हणून भर, आणि तुझ्या नावाखाली माझंही नाव घाल.

तुझाच, अजून हार न मानलेला,
तोआदेर

पावल चांगला आहे, पण विसरभोळा. पाकीट त्याच्यासमोर फोडून मोजून घे. सहाशे ऐंशी युरो, म्हणजे चौतीसशेच्या आसपास लेय.