तुळशीच्या लाकडांची वाघीण

मी, काशीराम धोंडू नेरूरकर, वय ६६, रेल्वेच्या मालधक्क्यावरचा निवृत्त कारकून, राहणार मुलुंड (पूर्व), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. कोणी दडपण आणलेले नाही. आणले असते तर हे सहा वर्षांपूर्वीच लिहून झाले असते.

१. राहती खोली, पोस्टातली शिल्लक व भांडीकुंडी पत्नी सौ. जानकी हिला मिळावी. इतर कोणाचा त्यावर हक्क नाही.

२. मी पत्रा कापून केलेल्या छोट्या मालगाडीच्या बावीस वाघिणी गल्लीतल्या वाचनालयाला द्याव्यात. त्यांतला माल कोणी उपसू नये. कोळसा खरा आहे. कुटून, चाळून, धुऊन बसवला आहे. पोती जुन्या धोतराची असून आत भाजलेला रवा आहे. भरलेले पोते शेजारच्या पोत्यावर कसे रेलते, हे मी तीस वर्षे धक्क्यावर उभे राहून पाहिले आहे, म्हणून ती तशी बसली.

३. बोरिवलीचे चंद्रप्रकाश हेही वाघिणी करतात, पण थर्माकोलला काळा रंग फासून त्याला कोळसा म्हणतात. माझी चाळण त्यांना द्यावी. त्यांनी राग मानला तरी द्यावी.

४. तेविसावी वाघीण लाकडाच्या ओंडक्यांची आहे. तिच्याबद्दल लिहायची मला लाज वाटते, पण लिहितो.

काड्यापेटीच्या काड्या फार सरळ, त्यांना साल नाही. माझ्या आईने वाळलेल्या तुळशीच्या काटक्या पत्र्याच्या डब्यात जमवल्या होत्या, स्वतःच्या चितेवर ठेवण्यासाठी. त्यांना साल होती, गाठी होत्या, टोकाला चिरा होत्या. हुबेहूब सागाचे ओंडके. आधी दोन घेतल्या. मग सगळ्या. तुळस दरवर्षी वाळते, पुन्हा भरून ठेवू, अशी मनाची समजूत घातली. गणपतीच्या प्रदर्शनात आईने चष्मा लावून ती वाघीण पाहिली आणि म्हणाली, "लाकडां अगदी खरी दिसतत रे, काशी." मी हसलो. ते हसणे मला अजून आठवते.

त्याच वर्षी, १९७९ च्या मार्गशीर्षात, आई गेली. जानकीने डबा काढला, तो रिकामा. दिवाळीची साफसफाई माझी भावजय शेवंती हिने केली होती. जानकी सर्वांदेखत तिला म्हणाली, "तूच फेकलीस. म्हातारीचं एवढं एक मागणं, तेसुद्धा तुला जपता आलं नाही." शेवंती म्हणाली, "मी डब्याला हातसुद्धा लावला नाही." मग तिने माझ्याकडे पाहिले, घरात मोठा मी. मी पंचा खांद्यावर घेऊन जमिनीकडे पाहत राहिलो.

दोन महिन्यांत भाऊ आणि ती घाटकोपरला राहायला गेले. आईच्या श्राद्धाला ती येत नाही. जानकीने मुद्दाम खोटा आळ घेतलेला नाही. तिला ठाऊकच नाही. चोर मी आहे, आणि चोरीपेक्षा गप्प बसणे वाईट होते.

५. ती वाघीण, तिच्यावरच्या एकोणीस काटक्यांसह, माझ्यामागे शेवंतीला द्यावी व वरचे कलम नातेवाइकांसमोर वाचावे.

६. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, पण शेजारी मधुकर परुळेकर यांनी सही करण्यापूर्वी तो वाचला. वाचून म्हणाले, "काशीराम, तू मेल्यावर तिने कोणाला जाब विचारायचा रे? मुलुंडहून घाटकोपर किती लांब आहे?"

मी कागद परत मागून घेतला. म्हणून कलम ५ रद्द करून लिहितो की, येत्या रविवारी, ९ फेब्रुवारीला, मी जानकीला बरोबर घेऊन शेवंतीकडे जाईन आणि वाघीण तिच्या हातात देऊन सर्व तोंडाने सांगेन. न गेलो, तर माझ्या चितेवर तुळशीचे काष्ठ ठेवू नये, आणि का ठेवले नाही असे जो विचारेल त्याला हे मोठ्याने वाचून दाखवावे.

वाचून, समजून, आमच्या समक्ष सही केली:

काशीराम धोंडू नेरूरकर

साक्षीदार:
१) मधुकर वामन परुळेकर, शेजारी
२) डॉ. मृणालिनी केरकर, मुलुंड

स्थळ: मुलुंड, मुंबई
दिनांक: ३ फेब्रुवारी १९८६