उतारावरच्या दोन काठ्या

आबा, गेल्या रविवारी मी तुमच्या डोंगरावरून दोन्ही हातांत काठ्या टेकत उतरले. चोरून नाही, दिवसाढवळ्या. वस्तीवरची चार माणसं बघत होती तरी हात ढिला केला नाही. तुम्ही असता तर तोंड फिरवून बसला असता, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण आधी सगळं ऐकून घ्या. त्यात तुमच्या हयातीपासून दादावर बसलेल्या एका ठपक्याची गोष्ट आहे, आणि तो ठपका माझा आहे.

तुम्ही काठी सोडलीत तेव्हाच्या तुमच्या वयाची आता मी झाले. सांगलीत शाळेत पीटी शिकवते, म्हणजे दिवसभर शिट्टी आणि आरडाओरडा. रविवारी आमचा बायकांचा गट साताऱ्याकडच्या गडांवर जातो, पुढं मी. चढ मला अजून कधी जड गेला नाही. उतारानं मात्र दावा साधला. डावा गुडघा असा काही कळा मारायला लागला की पायऱ्या उतरताना मी कठडे शोधायला लागले. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून दाखवला, गादी झिजली म्हणाल्या. मी विचारलं, "म्हणजे डोंगर बंद?" तर म्हणाल्या, "बंद कशाला? दोन काठ्या घ्या. उतारावर अंगाचा भार थोडा हातांवर टाकायचा, एवढंच." मी खुर्चीतून उठलेच नाही. एवढंच? मागं रांग लागली होती, बाईंनी दोनदा "या आता" म्हटलं तेव्हा उठले.

कारण आपल्या वस्तीवर मेंढक्यानं काठी टेकायची नसते. काठी कानाएवढी उंच, बांबूची, ती मेंढराला वळवायला, साप बघायला, ओढ्याचं पाणी मोजायला. चालताना मानेमागं आडवी टाकून तिच्यावर दोन्ही हात लोंबकळत ठेवायचे. भार टाकून टेकायला लागला तो माणूस म्हातारा झाला, त्यानं दसऱ्याला काठी पोराच्या हाती द्यायची आणि घरी बसायचं. मी लहानपणी एकदा चढावर तुमच्या काठीला रेलले, तर तुम्ही ती अशी खसकन ओढून घेतलीत की मी तोंडावर पडले. "पाय न्हाईत व्हय तुला?" म्हणालात. ओठ फुटला होता, तरी मी रडले नाही. तुम्ही नंतर धोतराच्या सोग्यानं रक्त पुसलंत, पण काठी काही दिली नाहीत.

तर मी साताऱ्याला गेले काठ्या घ्यायला. त्यांना पोल म्हणतात. दुकानदार माझ्याच वयाचा, बोलका. त्यानं आधी सगळ्यात महागडी जोडी पुढं केली, कार्बनची, पिसासारखी हलकी. मी म्हटलं, "दगडात अडकून वाकडा जोर आला तर?" तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "तुटती कधीकधी." ॲल्युमिनियमची वाकते, पण घरापर्यंत आणते. ती घेतली. मग लांबी. काठी टेकून उभं राहिलं की कोपर काटकोनात आलं पाहिजे, चढाला थोडी आखूड करायची, उताराला थोडी लांब. हे मला आवडलं. तुमची काठी बिचारी जन्मभर एकाच मापाची. लांबी पक्की करायचे दोन प्रकार होते, एक पीळ देऊन आवळायचा, दुसरा खटक्याचा. पिळाच्या काठीवर मी दुकानातच अंगाचा सगळा भार टाकला, तर ती सर्रकन आत गेली आणि मी त्याच्या काउंटरवर. "अहो मॅडम, एवढा जोर कुठं लावतात?" म्हणतो कसा. म्हटलं, "उतारावर, आणखी कुठं? तुमच्या दुकानात नाचायला घेतेय का मी?" तो हसला आणि खटक्याची जोडी काढली. मुठी बुचाच्या घेतल्या, घामानं निसटत नाहीत. टोकाला रबराची टोपी होती, ती डांबरावर आणि कातळावर ठेवायची. मुरमावर काढायची, म्हणजे खालचं लोखंडी टोक रुततं.

पट्ट्याची खुबी सगळ्यात शेवटी कळली. पट्ट्यात हात वरून घालायचा नाही, खालून घालायचा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरायची. मग आवळून धरावंच लागत नाही, भार मनगटावर येतो आणि बोटं मोकळी राहतात. हे जमलं आणि मी माझ्या मोकळ्या बोटांकडं बघितलं. तुमचे दोन्ही हात एकाच काठीवर, एकावर एक, पांढरे पडलेले, मला समोर दिसले. मी म्हटलं, "अजून एक जोडी द्या." दुकानदार म्हणाला, "मिस्टरांना?" म्हटलं, "भावाला."

तो दिवस तुम्हाला आठवत असणारच. मी कॉलेजात होते, सुट्टीला घरी आले होते, वर्गातली एक मैत्रीण सोबत होती. सांज व्हायला आली होती. आम्ही विहिरीकडून येतोय आणि वर मुरमाच्या उतारावर तुम्ही. मेंढरं पुढं गेलेली. कोणी बघत नाही असं समजून तुम्ही दोन्ही हातांनी काठी धरून एकेक पाऊल उतरत होतात, आधी काठी, मग उजवा पाय, मग डावा ओढून. वस्ती दिसायला लागली तशी काठी मानेमागं गेली आणि तुम्ही सरळ झालात. मी तशीच मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी गेले आणि दादाला सांगितलं. मीच सांगितलं, आबा.

जेवताना दादा म्हणाला, "आबा, गुडघं लय दुखत्यात न्हवं? मेंढरं आता मी बघतो." तुमचा घास हातात राहिला. "कोन म्हनलं?" दादानं ताटातनं मान वर केली नाही. "म्या बघितलं," म्हणाला. मी चुलीपाशी होते. एक शब्द बोलले असते तर झालं असतं, पण मी भाकरी उलटत बसले, आणि ती करपली. दसऱ्याला तुम्ही काठी दादाच्या हातात दिली नाहीत, भिंतीला टेकवून ठेवलीत आणि आत गेलात. त्यानंतर तुम्ही जाईपर्यंत, नऊ वर्षं, त्याच्याशी मेंढरांपुरतं बोललात. त्यानं बापावर पाळत ठेवली, काठीसाठी घाई केली, असं तुम्हाला वाटलं, आणि आईला अजून वाटतं. ती आता ऐंशीच्या पुढं गेली आहे, पण दादानं चहाचा कप पुढं केला की म्हणते, "ठेव तितं, बापाची काठी घेतलीस त्या हातानं." आणि दादा ठेवतो. मी दर सुट्टीला जाते, हे ऐकते आणि गप्प बसते. शाळेत पोरांना खरं बोला म्हणून दम देणारी मी!

म्हणून रविवारी दोन जोड्या घेऊन वडूजची एसटी पकडली. ठरवूनच निघाले होते. आज आईला सांगायचं, नाहीतर परत तोंड दाखवायचं नाही. दादाला आधी डोंगरावर नेलं. त्याचेही गुडघे गेलेत, पण कबूल करेल तर शपथ. मी त्याच्या मापानं काठ्या लांब केल्या, पट्टे शिकवले, आणि जरा वळते तोवर त्यानं दोन्ही काठ्या मानेमागं आडव्या टाकल्या. मी इतकी हसले की खाली बसले. "आरं, टेक की!" म्हटलं. "लाज वाटती गं," म्हणाला. "कुणाची? मेंढरांची?" मग टेकल्या त्यानं. डावा पाय पुढं तर उजवी काठी, उजवा पाय तर डावी, पाय पडायच्या आधी काठी पडली पाहिजे. त्याच मुरमाच्या उतारावर आम्ही दोघं उतरलो, आणि मध्यावर तो थांबून म्हणाला, "आयला, गुडघं बोलंनात की गं!" खाली आल्यावर म्हणाला, "आबांस्नी नुसती आनि एक काठी पायजे व्हती." तेव्हा मला रडू आलं. तुम्हाला डोंगरावरून उतरवायची गरजच नव्हती, आबा. अजून पाच-सात वर्षं तुम्ही मेंढरं चारली असतीत.

आई दारात बसली होती. "काय गं, दोगं बी म्हातारी झालासा?" मी काठ्या न ठेवताच सांगितलं. आबांना बघितलं ते मी, दादाला सांगितलं ते मी, गुडघ्यांची काळजी वाटली म्हणून सांगितलं. ती दादाकडं वळली. "आरं मुडद्या, मग तू का गप बसलास येवडी वरसं?" दादा पट्टा सोडवत होता. "ती शिकत व्हती. आबांनी रागानं कालिजातनं काढली असती तिला. मागनं सांगून काय उपेग?" एवढंच बोलला. आईनं त्याला जवळ बोलावलं, त्याच्या हातातली काठी घेऊन जमिनीवर दोनदा आपटून बघितली. मग सुनेला हाक मारली आणि म्हणाली, "च्या टाक. ह्याच्या हातनं पिते."

काम फत्ते झालं. पुढच्या रविवारी गटातल्या बायकांसमोरही काठ्या काढणार आहे, आणि कोण हसलं तर तिला दोनदा गड चढवीन.

हे पत्र आईला वाचून दाखवायचं ठरवलं होतं. दाखवेनही, पण हा शेवटचा कागद काढून ठेवून. कारण काळजी वाटली म्हणून सांगितलं, हे मी आईला सांगितलं, दादाला सांगितलं, इतकी वर्षं स्वतःलाही सांगितलं. तसं नव्हतं, आबा. मला लाज वाटली होती. तुम्ही उतारावर काठीवर वाकून पाय ओढत होतात तेव्हा माझ्या मैत्रिणीनं विचारलं, "ते म्हातारबाबा कोण गं?" आणि मी म्हटलं, "असतील कुणीतरी."