धक्क्यावरची पट्टी

लाडक्या ठकूस,

देशासाठी वल्ही मारणारी माझी पोर आता हवामान बदलाविरुद्ध भांडते, याचा मला केवढा अभिमान! पण काल तू म्हणालीस, "बाबा, परवाच्या सुनावणीत तुमची वही सगळ्यांची तोंडं बंद करणार," आणि मी भरल्या ताटावरून उठलो.

वीस वर्षं मी बोट क्लबच्या धक्क्यावर पाण्याची पातळी वहीत उतरवली. पाणी चढतंय हे खरंच. पण तुझ्या निवड चाचणीच्या वर्षी धक्का दुरुस्त झाला, तेव्हा मोजपट्टी मीच परत ठोकली. तुझी बोट पाण्यात सोडायच्या घाईत ती वीतभर खाली बसली. नंतर कंटाळा केला, वहीतही लिहिलं नाही. म्हणजे तू दाखवणार त्यातली वीतभर वाढ माझ्या हातोडीची आहे. समोरच्या वकिलाने हे हुडकलं, तर तुझं खरंही खोट्यात जमा होईल.

हे पत्र टपालाने वेळेत पोचायचं नाही. सकाळपासून तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू "बोला ना, बाबा" म्हणालीस आणि मी जेवलीस का एवढंच विचारलं.

आता चौथ्यांदा लावतो. रागाव हवं तेवढं, पण फोन ठेवू नकोस.

तुझाच,
बाबा