तिसऱ्या मजल्यावरचा वाघ

३ मार्च
बायकोने पुन्हा विषय काढला. हॉलच्या खिडकीला ग्रिल हवं, कारण ठमी दिवाणावर चढायला लागली आहे. ठमी म्हणजे आमची कन्या, वय अडीच. आमचा मजला तिसरा. बायको ग्रिलवाल्याला फोन लावणारच होती, मी अडवलं. घरात फॅक्टरीचा सेफ्टी ऑफिसर बसलेला असताना बाहेरचा माणूस कशाला? उद्यापासून मी जातीने लक्ष घालणार.

४ मार्च
खिडकीचं निरीक्षण केलं, चहा घेत. निष्कर्ष: धोका आहे. बायको म्हणाली, हे ती वर्षभर सांगते आहे. असेल. पण लेखी दिलं नव्हतं.

६ मार्च
दिवाण खिडकीखालून हलवायचा राहिला. तिथे वारा छान येतो. शिवाय ग्रिलने हॉलची शोभा जाते, आणि डासांची जाळी आहेच. बोटाने दाबून पाहिली. टणक. जी डास अडवते ती ठमीला अडवणारच, ठमी डासापेक्षा मोठी आहे. बायकोला हे लॉजिक समजावलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. पटलं असावं.

९ मार्च, रविवार
काम फत्ते. फॅक्टरीतून पिवळी-काळी पट्टी आणली होती, ती खिडकीच्या चौकटीला चारी बाजूंनी चिकटवली. खाली बोर्ड: 'धोका. येथे चढू नये.'
सासूबाईंनी विचारलं, ठमीला वाचता कधीपासून यायला लागलं. म्हटलं, रंगाचा मनावर परिणाम होतो, फॅक्टरीत मोठमोठी माणसं या पट्टीपासून लांब राहतात. त्यावर त्या म्हणाल्या, लोका सांगे ब्रह्मज्ञान. पुढचं बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

११ मार्च
मनावर परिणाम झाला. ठमीला पट्टी फार आवडली. ती तिला वाघ म्हणते आणि सारखी दिवाणावर चढून वाघाला गोंजारते.
बायकोने दिवाण एकटीने ओढून बाजूला केला. मला विचारलंसुद्धा नाही. संध्याकाळी मी तो परत जागेवर आणला. वाऱ्याशिवाय मला पेपर वाचवत नाही. ग्रिलचं रविवारी बघतोच. फक्त माप घ्यायचं आहे.

१६ मार्च, रविवार
माप घ्यायला टेप सापडेना. सापडली तेव्हा मॅच सुरू झाली होती.

१९ मार्च, संध्याकाळ
कामावरून आलो आणि फाटकातून सवयीने वर पाहिलं. ठमी खिडकीत उभी. दिवाणावर नाही, थेट कट्ट्यावर. जाळी एका कोपऱ्यातून सुटून बाहेर लोंबत होती. ठमी वाघ सोलत होती.
ओरडणार तेवढ्यात आठवलं. मी दिसलो की ती रोज हात हलवते, पुढे झुकते. म्हणून लपलो. पार्क केलेल्या गाडीमागे, उकिडवा. बायकोला फोन लावला. एंगेज. परत लावला. उचलल्यावर कुजबुजत सांगितलं, हाक मारू नकोस, मागून जा आणि धर.
पुढचं बघवलं नाही, डोळे मिटले. उघडले तेव्हा खिडकीत कोणी नव्हतं. आधी खाली जमिनीवर पाहिलं. काही नव्हतं. मग वरून ठमीचं भोकाड ऐकू आलं, वाघ काढून घेतला म्हणून. मी तिथेच फरशीवर बसून रडलो. वॉचमनने विचारलं, काही हरवलं का. नाही म्हटलं.
वर गेल्यावर विचारलं, फोन एंगेज का होता. ग्रिलवाल्याशी बोलत होती.

२० मार्च
रजा टाकली. ग्रिलवाला सकाळीच आला. चहा निवायच्या आत अर्धं काम झालं होतं. हॉलची शोभा कुठेही गेली नाही. दिवाण आता आतल्या भिंतीला.
बायकोने मला एकच काम नेमून दिलं होतं: ड्रिल चालू असेपर्यंत ठमीला आतल्या खोलीत मांडीवर धरून बसायचं. बसलो. ड्रिल थांबलं. ग्रिलवाला चपला घालून गेला. ठमी म्हणाली, बाबा, आता सोड. मला सोडवेना.